इंटर्नशिपचा पगार आणि एप्रिलचं रिटर्न

ऋजुता,

तू ऑगस्ट २०२६ मध्ये एमएससाठी टेक्सासला निघणार, पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करणार, आणि त्या पगाराचं टॅक्स रिटर्न कसं भरायचं हे आत्ताच विचारते आहेस, याचं मला खरंच कौतुक वाटलं. बहुतेक मुलं हा प्रश्न १० एप्रिलला रात्री विचारतात. तुझ्या सीनियर मंडळींनी तुला तीन गोष्टी सांगितल्यात. एक म्हणतो विद्यार्थ्यांना टॅक्सच नसतो. दुसरा म्हणतो पगारातून कापलेलाच असतो, मग रिटर्न कशाला. तिसरा म्हणतो अमुक सॉफ्टवेअरवर भर, हजार डॉलर जास्त परत मिळतात. वर बाबांची शंका, की हे भारतातही दाखवावं लागेल का.

तिघेही सीनियर चुकताहेत, आणि तिसरा तर तुला गोत्यात आणेल. बाबांची शंका मात्र रास्त आहे. तिच्याकडे शेवटी येते.

मी दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल इथल्या मोफत कर-मदत केंद्रात परदेशी विद्यार्थ्यांची रिटर्न्स भरायला मदत करते, त्यामुळे हे सगळे सल्ले आणि त्यांचे परिणाम समोरच्या खुर्चीत बसलेले पाहिलेत. तुला एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव: टॅक्सच्या हिशेबात तू 'नॉनरेसिडेंट' आहेस. कुठला फॉर्म, कुठली वजावट, पगारातून काय कापायचं आणि काय नाही, हे सगळं त्या एका शब्दावरून ठरतं. तुला सल्ला देणारे काका, ऑफिसातले सहकारी, यूट्यूबवरचे तज्ज्ञ बहुतेक 'रेसिडेंट' असतात. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असतं, पण तुझ्या उपयोगाचं नसतं.

इथे राहायला आलीस म्हणून तू टॅक्ससाठी रहिवासी होत नाहीस. साधारणपणे तीन वर्षांतले दिवस मोजून १८३ भरले की माणूस रहिवासी धरला जातो, पण एफ-१ (म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजतच नाहीत. कॅलेंडर वर्षं म्हटलं आहे, त्याकडे लक्ष दे. तू ऑगस्टमध्ये उतरलीस तरी २०२६ हे अख्खं वर्ष खर्ची पडलं. म्हणजे २०२६ ते २०३० तू नॉनरेसिडेंट, आणि तेव्हाही विद्यार्थी किंवा ओपीटीवर (म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) असलीस तर २०३१ पासून दिवस मोजायला सुरुवात. आधी कधी एफ किंवा जे व्हिसावर इथे राहून गेली असशील, शाळेतल्या एक्स्चेंज प्रोग्रामसाठी का होईना, तर ती वर्षंही या पाचात धरली जातात. तशी असशील तर मला सांग, कारण मग पुढचं गणित हलतं.

आता पहिल्या सीनियरचं बघू. विद्यार्थ्यांना टॅक्स नसतो ही अफवा कुठून आली ते मला माहीत आहे. अमेरिकेचे वेगवेगळ्या देशांशी कर-करार आहेत आणि प्रत्येकाचं कलम वेगळं. चीनच्या विद्यार्थ्याला करारानुसार वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतचा पगार माफ असतो. लॅबमधल्या चिनी मित्राने ते सांगितलं की आपली मुलं समजतात आपल्यालाही आहे. आपल्याला ते नाही. पण आपल्याला त्याहून बरं काहीतरी आहे. भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ च्या दुसऱ्या परिच्छेदामुळे भारतीय विद्यार्थ्याला 'स्टँडर्ड डिडक्शन' मिळतं, जे एरवी नॉनरेसिडेंटला मिळतच नाही. एकट्या माणसासाठी ही वजावट २०२५ या वर्षाला १५,७५० डॉलर होती, २०२६ साठी १६,१०० आहे.

याचा फरक किती पडतो ते आकड्यांनीच बघ. समज, तू १२ आठवडे, आठवड्याला ४० तास, ताशी ४० डॉलरने काम केलंस. १९,२०० डॉलर झाले. २०२५ च्या दरांनी हिशेब केला तर १५,७५० वजा जाऊन करपात्र राहिले ३,४५०, आणि पहिला टप्पा १० टक्क्यांचा, म्हणजे केंद्रीय कर साधारण ३४५ डॉलर. तुझ्या शेजारच्या डेस्कवर नेपाळची मुलगी असेल, तोच व्हिसा, तेच काम, तोच पगार, तर तिच्या देशाचा अमेरिकेशी करार नाही, त्यामुळे तिला ही वजावट नाही. तिचा कर जातो २,०६५ च्या घरात. एका कलमाने एवढा फरक पडतो. म्हणून रिटर्नमध्ये वजावटीच्या ओळीशेजारी ती भारत-अमेरिका करारानुसार घेतली आहे असं लिहायचं असतं. चांगलं सॉफ्टवेअर ते आपोआप लिहितं, पण छापून आल्यावर डोळ्यांखालून घाल. ती ओळ रिकामी सोडून आलेली, किंवा तिथे शून्य घातलेली रिटर्न्स मी दर वर्षी बघते. शंभर-दोनशे नव्हे, हजार दीड हजार डॉलर सोडून दिलेले असतात पोरांनी.

दुसरा सीनियर: कापलाय तर रिटर्न कशाला. कापतात तो अंदाज असतो, हिशेब रिटर्नमध्ये होतो. पगार देणारं सॉफ्टवेअर तुझा आठवड्याचा १,६०० डॉलर पगार बघतं आणि धरून चालतं की तू बाराही महिने हेच कमावणार, म्हणजे वर्षाला ८३,२००. त्या हिशेबाने ते दर आठवड्याला कापत राहतं. १२ आठवड्यांत साधारण २,३०० डॉलर कापले जातात आणि तुझा खरा कर आहे ३४५. उरलेले जवळपास १,९०० डॉलर सरकारकडे तुझेच पडून आहेत, आणि ते परत मिळवायचा एकच मार्ग म्हणजे रिटर्न. नाही भरलंस तर तीन वर्षांनी तो हक्कही जातो. शिवाय नॉनरेसिडेंटने इथे काम करून पगार घेतला की रिटर्न भरणं हा नियमच आहे, परतावा असो वा नसो.

इंटर्नशिप लागल्यावर पहिल्या दिवशी एचआर तुला डब्ल्यू-४ नावाचा फॉर्म देईल, पगारातून किती कर कापायचा ते त्यावरून ठरतं. तो नेहमीच्या कर्मचाऱ्यासारखा भरायचा नाही. परदेशी लोकांसाठी आयआरएसची, म्हणजे इथल्या आयकर खात्याची, वेगळी सूचना आहे, नोटीस १३९२. ती उघडून शेजारी ठेव. त्यात सांगितल्याप्रमाणे 'एनआरए' (नॉनरेसिडेंट एलियन) अशी नोंद करायची आणि 'मला कर लागू नाही' असं सूट मागणारं काही भरायचं नाही. नॉनरेसिडेंटच्या पगारातून जरा जास्तीचा कर कापायची एक पद्धत आहे, तिच्यातून भारतीय विद्यार्थ्यांना वगळलेलं आहे. एचआरला हे बहुधा माहीत नसतं. नम्रपणे सांगायचं, सूचनेचं पान दाखवायचं.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट सांगून ठेवायची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त पैसे इथेच गळतात. पगारातून केंद्रीय कराशिवाय सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापतात. दोन्हींना मिळून 'फायका' म्हणतात. एफ-१ वरच्या नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याला फायका लागू नाही. सीपीटीवर (म्हणजे शिकत असतानाच्या इंटर्नशिपच्या परवानगीवर) नाही, ओपीटीवर नाही, पाच वर्षांच्या आत असेपर्यंत नाही. पण कंपनीच्या पगार विभागाला तुझा व्हिसा माहीत नसतो, त्यांच्या यंत्रणेत सगळ्यांना एकच खूण लावलेली असते.

गेल्या फेब्रुवारीत पुण्याची एक मुलगी डब्ल्यू-२ घेऊन आली. डब्ल्यू-२ म्हणजे कंपनीने वर्षाअखेर द्यायचा पगाराचा दाखला. कंपनीने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. कागद छोटासा, चौकोनांनी भरलेला. पहिल्या चौकोनात करपात्र पगार, दुसऱ्यात कापलेला केंद्रीय कर, खाली पंधरा ते सतरामध्ये राज्याचा हिशेब. तिच्या पहिल्या चौकोनात १९,२०० होते. मी आधी चौथा आणि सहावा चौकोन बघते. ते रिकामे असायला हवेत. तिच्या चौथ्यात १,१९०.४० आणि सहाव्यात २७८.४०. म्हणजे १,४६८.८० डॉलर नाहक गेलेले. 'सगळ्यांचंच कापतात' असं तिला पगार विभागाने जूनमध्येच सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती.

असं झालं तर क्रम असा. आधी कंपनीलाच लिहायचं, व्हिसा, आय-२० (कॉलेजने दिलेलं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) जोडून. कंपनीने मानलं तर पैसे परत करते आणि दुरुस्त दाखला देते, त्याला डब्ल्यू-२सी म्हणतात. पुण्याच्या मुलीचं तसंच झालं, दोन ईमेलमध्ये. कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर फॉर्म ८४३ आणि त्याच्या सोबतीला ८३१६ भरून आयआरएसकडे वेगळी मागणी करायची. हे नेहमीच्या रिटर्नमध्ये मिसळायचं नाही. ते वेगळं पाकीट, वेगळा पत्ता, आणि उत्तराला काही महिने. म्हणून पहिली पगाराची पावती हातात आली की त्याच दिवशी वाच. तिथे फायकाची ओळ दिसली तर पहिल्या आठवड्यात सुटणारा प्रश्न वर्षभर रेंगाळत नाही.

तिसऱ्या सीनियरवर माझा राग आहे, म्हणून जरा सविस्तर. टीव्हीवर जाहिराती येतात ती लोकप्रिय सॉफ्टवेअर्स रहिवाशांसाठीचा फॉर्म १०४० बनवतात. तुझा फॉर्म आहे १०४०-एनआर. दिसायला भाऊ-भाऊ, पण नियम वेगळे. १०४० भरला की सॉफ्टवेअर विचारतं, शिकतेस का? फी भरलीस का? कॉलेजकडून १०९८-टी नावाचा फीचा दाखला आला का? तू प्रामाणिकपणे हो म्हणतेस आणि ते तुला शिक्षणाची सवलत देऊन टाकतं. त्यातली एक सवलत अशी आहे की कर शून्य असला तरी हजार डॉलरपर्यंत रोख परत येतात. तेच ते सीनियरचे हजार डॉलर. नॉनरेसिडेंटला ही सवलत नाही. पैसे खात्यात येतात हे खरं, कारण आयआरएस आधी देतं आणि मग तपासतं. मग पत्र येतं, व्याजासकट परत मागणारं. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी कागदपत्रं निघाली की त्यात तू स्वतःच्या सहीने स्वतःला रहिवासी म्हणवून घेतलेलं असतं. २०२० मध्ये करोनाच्या वेळी सरकारने घरोघरी पैसे पाठवले, तेव्हा चुकून १०४० भरलेल्या किती तरी विद्यार्थ्यांना ते आले आणि मग परत कसे करायचे म्हणून धावाधाव झाली. आधीच चूक झालेली असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करता येते. मॅसॅच्युसेट्समधल्या तुझ्या त्या चुलतभावाला सांग, त्याचं प्रकरण मला तसंच वाटतंय.

विद्यापीठं बहुतेक वेळा स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर यांपैकी काहीतरी विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देतात. इंटरनॅशनल ऑफिसच्या ईमेलमध्ये फेब्रुवारीत कोड येतो. तेच वापर. सॉफ्टवेअर व्हिसाचा प्रकार आणि आल्या-गेल्याच्या तारखा विचारून स्वतःच ठरवतं तू कोण आहेस ते. तारखा आठवत नसतील तर आय-९४ च्या सरकारी साइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून प्रवासाचा इतिहास मिळतो. आणि आपल्या भागातले काही 'कन्सल्टंट' असतात, जास्तीत जास्त रिफंडची हमी देणारे, रिफंडमधून टक्केवारी घेणारे. रिटर्न दाखल करण्यापूर्वी ज्याला तुझा व्हिसा विचारायचा सुचत नाही, त्याच्या दारात पाय ठेवू नकोस.

रिटर्नसोबत फॉर्म ८८४३ जातो. हा कराचा फॉर्मच नाही, 'माझे दिवस मोजू नका, मी विद्यार्थी आहे' असं सांगणारं ते निवेदन आहे. त्यात व्हिसा, तीन वर्षांतले इथले दिवस, कॉलेजचा पत्ता आणि तिथल्या एका जबाबदार व्यक्तीचं नाव एवढंच असतं. गंमत म्हणजे एक डॉलर कमावला नसला तरी तो भरावा लागतो. म्हणजे २०२६ मध्ये तू काहीच कमावलं नाहीस, तरी जून २०२७ च्या १५ तारखेपर्यंत हा एकटा फॉर्म, हाताने सही करून, टपालाने ऑस्टिनला जायला हवा. एकट्या ८८४३ ला ऑनलाइन सोय नाही. पगार घेतला असेल, लायब्ररीत आठवड्याला दहा तास का होईना, तर मुदत १५ एप्रिल आणि सोबत १०४०-एनआर. तो ऑनलाइन जातो.

लायब्ररीचा विषय निघालाच आहे तर: कॅम्पसवरची नोकरी आणि इंटर्नशिप दोन्ही केल्यास दोन डब्ल्यू-२ येतील आणि दोन्हींची बेरीज एकाच रिटर्नमध्ये. मुलं इंटर्नशिपचा दाखवतात आणि ९०० डॉलरचा कॅम्पसवाला विसरतात, कारण तो जुन्या पत्त्यावर गेलेला असतो. आयआरएसकडे त्याची प्रत असते, विसरत नाही ते. उन्हाळ्यात पत्ता बदललास की दोन्हीकडे कळव.

पगाराव्यतिरिक्त कंपनी काही ना काही देते आणि तिथेही घोळ होतो. राहण्यासाठी म्हणून एकरकमी भत्ता, सामान हलवायचा खर्च, सामील होताना बोनस. हे सगळं उत्पन्नच आहे आणि पहिल्या चौकोनात मिळवलेलं असतं. बोनसवर सरसकट २२ टक्के कापतात म्हणून त्यावर टॅक्स जास्त असतो अशी समजूत आहे. तसं नाही, रिटर्नमध्ये तो पगारासारखाच धरला जातो आणि जास्तीचं परत येतं. कॉलेजकडून राहण्या-जेवणासाठी शिष्यवृत्ती मिळाली तर तिचा दाखला वेगळा, १०४२-एस, आणि त्यातून १४ टक्के कापतात. फीमाफी करपात्र नाही. तो कागद मार्चच्या मध्यापर्यंत येतो, म्हणून फेब्रुवारीत घाई करून रिटर्न भरून टाकू नकोस.

एखादं छोटं स्टार्टअप म्हणेल, आम्ही तुला पगारावर घेत नाही, १०९९ वर पैसे देतो. थांब. १०९९ म्हणजे ते तुला स्वतंत्र व्यावसायिक समजताहेत. टॅक्सचा प्रश्न नंतरचा, आधी व्हिसाचा आहे. सीपीटी ठरावीक कंपनीत, ठरावीक तारखांना, आय-२० वर छापून मिळालेली परवानगी असते. आपल्या कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि परवानगीच्या तारखेआधी एक दिवसही काम नको, बिनपगारी 'ट्रायल' म्हणूनसुद्धा नको. मे महिन्यात सुट्टीला घरी आलीस आणि तिथूनच लॅपटॉपवर काम सुरू केलंस तर तो पगार अमेरिकेचा की भारताचा हेही बदलतं, कारण काम कुठे बसून केलं त्यावर ते ठरतं. शक्यतो तो गुंता टाळ.

राज्याचा कर. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, त्यामुळे तुझ्या सीनियरना हा प्रकार माहीतच नसतो. पण इंटर्नशिप कॅलिफोर्नियात झाली तर त्या १२ आठवड्यांच्या पगारावर कॅलिफोर्निया कर घेणार आणि त्यांचं ५४०एनआर नावाचं वेगळं रिटर्न भरावं लागणार. राज्यं कर-करार पाळतातच असं नाही. कॅलिफोर्नियाची स्वतःची वजावट आहे, म्हणून तिथे फारसं दुखत नाही. पेनसिल्व्हेनिया मात्र सरळ ३.०७ टक्के घेतं, वजावटबिजावट काही नाही. वॉशिंग्टन किंवा फ्लोरिडात काम मिळालं तर या परिच्छेदाकडे बघूही नकोस. कॅलिफोर्नियाच्या दाखल्यावर चौदाव्या चौकोनात 'एसडीआय' दिसेल, तो राज्याचा अपंगत्व विमा आहे, फायका नव्हे. त्यासाठी भांडायला जाऊ नकोस.

बाबा दर सेमिस्टरला पाठवतील ते पैसे रिटर्नमध्ये दाखवायचे नाहीत, ते उत्पन्न नाही. भारतातल्या एफडीचं व्याजही इथल्या रिटर्नमध्ये नाही, जोवर तू नॉनरेसिडेंट आहेस तोवर. इथल्या बँकेतल्या बचत खात्याचं व्याजही तुला माफ. पण इंटर्नशिपचे पैसे आले की मुलांना शेअर घ्यायची हुक्की येते. वर्षात १८३ दिवस इथे असलेल्या नॉनरेसिडेंटला शेअरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के लागतात, लाभांशावर करारानुसार २५. तिथे स्टँडर्ड डिडक्शन उपयोगी पडत नाही. दोनशे डॉलरच्या नफ्यासाठी रिटर्नमध्ये एक जास्तीचं पान आणि डोक्याला ताप. माझं मत विचारशील तर शिक्षण होईपर्यंत थांब.

आता बाबांची शंका. भारतात तुझा दर्जा दिवसांवर ठरतो, एप्रिल ते मार्च. १० ऑगस्टला निघालीस तर त्या वर्षात भारतात १३२ दिवस झालेले असतील. त्या वर्षात ६० आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले की रहिवासी, असा एक नियम आहे. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे, पण कायद्यात शब्द नोकरीचा आहे, शिक्षणाचा नाही. त्यामुळे मार्च २०२७ पर्यंत तू भारतात रहिवासी धरली जाशील असं समजून चाल. याचा अर्थ त्या काळात कॅम्पसवर जे कमावशील ते भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि इथलं बँक खातंही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात. कर बहुधा लागणार नाही, कारण नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सवलतीने कर शून्य होतो. पण परदेशी खातं असलेल्या रहिवाशाला उत्पन्न नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं, आणि ते सर्वांत साध्या फॉर्मवर होत नाही. बाबांच्या सीएला हे आधीच सांगून ठेव. बरेच सीए 'मुलगी परदेशी गेली म्हणजे एनआरआय' म्हणून मोकळे होतात.

इंटर्नशिपचा उन्हाळा मात्र पुढच्या वर्षात येतो. २०२७-२८ मध्ये तू इथेच असशील, सुट्टीला महिनाभर घरी गेलीस तरी एनआरआयच राहशील, आणि इथे केलेल्या कामाचा, इथल्या खात्यात आलेला पगार भारतात करपात्र नाही. त्यातले पैसे आईला पाठवलेस म्हणूनही तो करपात्र होत नाही. परकीय चलनाच्या नियमांत गोष्ट आणखी वेगळी आहे. रिझर्व्ह बँक शिकायला गेलेल्यांना २००३ पासून अनिवासीच मानते, त्यामुळे तुझं भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं, करून घ्यावं लागेल. बँकेत एक आणि आयकरात दुसरं, हे विचित्र वाटेल, पण दोन कायदे आहेत, दोन्ही आपापल्या जागी.

निघण्यापूर्वी करायचं ते थोडकंच. पॅन आहे ना, आणि आधारशी जोडलंय ना ते बघ. आय-२०, व्हिसाचं पान, लोनचे कागद यांची एक ड्राइव्ह बनव आणि आल्यावर प्रत्येक पगाराची पावती, प्रत्येक डब्ल्यू-२ त्यात टाकत जा. सोशल सिक्युरिटी नंबर आल्या आल्या मिळत नाही, कॅम्पसची नोकरी किंवा सीपीटी हातात आली की मगच त्याचा अर्ज होतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात तो नाही म्हणून घाबरू नकोस. आयआरएसमधून फोन आलाय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर अटक करू, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे. आयआरएस आधी पत्र पाठवतं.

एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागला की फायका सुरू होतो आणि त्या वर्षाचं रिटर्न निराळंच असतं, पण ते आत्ता लिहून तुझं डोकं उठवत नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की कळव. आणि युनिव्हर्सिटीने कुठलं सॉफ्टवेअर दिलंय ते फेब्रुवारीत सांग, पहिला ८८४३ आपण व्हिडिओ कॉलवर एकत्र भरू, पंधरा मिनिटांचं काम आहे.

— अनघामावशी